पेप्टाइड सीरम: सुरकुत्यांवर किती चालतं, आणि सोलापूरच्या उन्हात कसं वापरायचं

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. वय ४८, सोलापुरात राहतात, रोज स्कूटीवरून अक्कलकोट रस्त्यावरच्या शाळेत जातात. पुण्याच्या लेकीने वाढदिवसाला पेप्टाइड सीरमची ३० मिलीची बाटली पाठवली, १,९०० रुपयांची. त्या विचारतात: याने सुरकुत्या जातील का? व्हिटॅमिन सी आधीपासून लावते, दोन्ही चालेल का? मैत्रीण कोलाजेनची पावडर पिते, पार्लरवाली पेप्टाइडचं इंजेक्शन घ्या म्हणते, त्याचं काय? आणि ७४ वर्षांच्या सासूबाई त्याच बाटलीतले दोन थेंब लावतात, ते बरं की वाईट?

ताई, मी बावीस वर्षं सोलापुरात त्वचारोगांची ओपीडी चालवते. गेल्या पाच-सहा वर्षांत 'पेप्टाइड' हा शब्द माझ्या टेबलापर्यंत फार वेळा आला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी सरळ उत्तर: सीरम लावा, लेकीने प्रेमाने पाठवलंय ते वाया घालवू नका. पण त्या बाटलीचा नंबर तिसरा. पहिला सनस्क्रीनचा, दुसरा रात्रीच्या रेटिनॉइडचा, म्हणजे व्हिटॅमिन एच्या कुळातल्या औषधाचा, मग पेप्टाइड. हा क्रम उलटा केलात तर १,९०० रुपयांतले बरेचसे वाया जातील.

ओपीडीत मी पेशंटला एक गोष्ट करायला लावते, तुम्ही घरीच करा. ब्लाउजची बाही वर सरकवा. दंडाचा आतला, कधी ऊन न लागलेला भाग बघा आणि त्याच्याशेजारी मनगटाच्या वरची, स्कूटीच्या हँडलवर रोज उन्हात असणारी त्वचा धरा. दोन्हींचं वय ४८च. आतली अजून मऊ, एका रंगाची. बाहेरची काळवंडलेली, बारीक चौकड्यांची, कुठे कुठे पांढरे ठिपके. आई-वडिलांकडून आलेलं वय आतल्या बाजूला दिसतं. दोन्हींमधला जो फरक, तो उन्हाने केला. मार्च ते जून आपल्याकडे पारा ४०च्या वर सहज जातो, मे महिन्यात ४३-४४ सुद्धा. तुमच्या शाळेच्या वेळा पाहता तुमचा चेहरा त्या बाहेरच्या बाजूसारखं आयुष्य जगला आहे. हे डोळ्यांनी पाहिलं की सनस्क्रीन पहिलं का, ते मला पुन्हा सांगावं लागत नाही.

आता पेप्टाइड म्हणजे काय ते. सोलापूरच्या माणसाला हे समजवायला मला मागावर नक्षी उठवणारा जॅकार्ड बरा पडतो. चादरीवरचं फूल मागावर आपोआप उमटत नाही. जॅकार्डच्या पत्त्यांना भोकं पाडलेली असतात, त्या भोकांच्या क्रमाप्रमाणे ताण्याचे धागे वर उचलले जातात आणि नक्षी येते. पेप्टाइड असाच एक क्रम आहे. शरीरात वीस प्रकारची अमिनो आम्लं प्रोटीन बांधतात. ती दोन, तीन, पाच, सहा अशी छोट्या माळेत ओवली की पेप्टाइड, शेकड्यांनी ओवली की प्रोटीन. कोण कुणाशेजारी बसलंय यावर त्या माळेचा निरोप ठरतो. जागा बदलली की निरोप बदलतो, नाहीतर निरोपच उरत नाही. आणि पत्ता कितीही चांगला असला तरी माग चालायला हवा, सूत हवं.

इथे माग म्हणजे त्वचेच्या आतल्या थरातल्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी. कोलाजेन, म्हणजे त्वचेला घट्ट धरून ठेवणारं प्रोटीन, त्याच विणतात. तरुणपण सरायला लागलं की त्वचेतलं कोलाजेन दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटतं असं धरतात. पाळी थांबल्यावर मात्र ते धाडकन उतरतं. पहिल्या पाच वर्षांत तीसेक टक्के जाऊ शकतं. तुमचं वय नेमकं त्या उंबरठ्यावर आहे. 'मॅडम, एकाच वर्षात तोंड उतरलं' असं पन्नाशीच्या बायका म्हणतात, ते मनाचे खेळ नसतात.

कोलाजेन तुटलं की त्याचे बारीक तुकडे आजूबाजूला पडतात. शरीर हुशार आहे. फायब्रोब्लास्टला ते तुकडे दिसले की तिला कळतं, इथे पडझड झाली आहे, नवीन विणायला घ्या. सीरममधल्या बऱ्याच पेप्टाइडांची कल्पना यावरच उभी आहे: तुकडा खोटा, बाहेरून दिलेला, पण निरोप खरा. यातलं सगळ्यात जास्त तपासलं गेलेलं म्हणजे पाल्मिटॉइल पेंटापेप्टाइड-४. मॅट्रिक्सिल या व्यापारी नावाने तुम्ही ते ऐकलं असेल. पाच अमिनो आम्लांचा हा तुकडा कोलाजेनच्याच कच्च्या रूपातला आहे. त्याला पाल्मिटिक आम्लाची, म्हणजे एका स्निग्ध आम्लाची, शेपटी जोडलेली असते. ती शेपटी का, तर त्वचेचा वरचा थर तेलकट असतो आणि नुसतं पेप्टाइड पाण्यात रमणारं. स्निग्ध शेपटीमुळे आत शिरायला थोडी वाट मिळते.

'थोडी' हा शब्द मी मुद्दाम लिहिला. त्वचेचं काम बाहेरचं बाहेर ठेवणं हेच आहे. डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं माप. आमच्याकडे ५०० डाल्टनचा एक ढोबळ नियम सांगतात: रेणू त्याहून जड असला की धडधाकट त्वचेतून आत जाणं कठीण. हे शेपटीवालं पेप्टाइड ८००च्या आसपास भरतं. म्हणजे लावलेल्यातला फार लहान हिस्सा खाली पोहोचतो. सुदैवाने निरोप द्यायला माल थोडाच लागतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३५ ते ५५ वयाच्या ९३ स्त्रियांनी बारा आठवडे अर्ध्या चेहऱ्यावर साधं मॉइश्चरायझर लावलं आणि उरलेल्या अर्ध्यावर तेच मॉइश्चरायझर, पण त्यात दशलक्षात फक्त ३ भाग हे पेप्टाइड घातलेलं. कुठल्या बाजूला काय, ते लावणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं, तपासणाऱ्यांनाही नव्हतं. पेप्टाइडच्या बाजूच्या बारीक रेषा कमी झाल्या. फरक मोजण्याइतका होता, पण लहान होता. चाचणी करणारे संशोधक क्रीम बनवणाऱ्या कंपनीतलेच होते, आणि त्यातल्या स्त्रिया गोऱ्या वंशाच्या होत्या, या दोन्ही गोष्टी मी लक्षात ठेवते.

दुसरी गोष्ट तर आपल्यासाठी फारच महत्त्वाची. आपल्या सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन सुरकुत्यांपासून बऱ्यापैकी वाचवतं. गोऱ्या बायकांना ज्या वयात डोळ्यांभोवती जाळं पडतं, त्याच्या पुष्कळ नंतर ते आपल्याला पडतं. आपलं वय आधी रंगात दिसतं: गालांवर वांग, कपाळाच्या कडेला काळेपणा, ओठांभोवती सावली. माझ्याकडे सुरकुत्यांची तक्रार घेऊन येणाऱ्या दहापैकी सहा-सात जणींना उजेडात बसवलं की खरी अडचण वांगाची निघते. आणि वांगावर ही कोलाजेनची पेप्टाइडं फारसं काही करत नाहीत. सीरम दोन महिने लावूनही 'लावूलाले ओ मॅडम, फरकच पडेना' असं ऐकू येतं, त्याचं एक मोठं कारण हे आहे. औषध एका दुखण्याचं, दुखणं दुसरंच.

दुसरा प्रकार तांब्याचा. लोरेन पिकार्ट या अमेरिकी शास्त्रज्ञांना १९७३ साली माणसाच्या रक्तद्रवात तीन अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड सापडलं. वयस्कर यकृताच्या पेशींना तरुण रक्ताचा द्रव मिळाला की त्या तरुणासारख्या वागतात, असं का, याचा शोध घेताना ते हाती लागलं. हे पेप्टाइड तांबं धरून ठेवतं आणि तांबं हे कोलाजेनचे धागे एकमेकांना बांधणाऱ्या एन्झाइमला लागतं. रक्तातलं त्याचं प्रमाण वयाबरोबर उतरत जातं. जखम भरण्याच्या प्रयोगांत ते चांगलं दिसलं आहे. सुरकुत्यांवरचे माणसांतले अभ्यास मात्र लहान आहेत. मला ते आवडतं, विशेषतः कोरड्या, पटकन चिडणाऱ्या त्वचेवर, पण मी त्याच्या भरवशावर वचन देत नाही. लेबलवर 'कॉपर ट्रायपेप्टाइड-१' असं लिहिलेलं असतं. खऱ्या सीरमचा रंग निळा असतो.

तिसरा प्रकार जाहिरातीत 'बाटलीतलं बोटॉक्स' म्हणून येतो: अ‍ॅसिटाइल हेक्सापेप्टाइड-८, आर्जिरलीन नावाने ओळखलं जाणारं. मज्जातंतूने स्नायूला 'आवळ' असं सांगताना जी प्रोटीनं लागतात त्यातल्या एकाच्या टोकाची ही नक्कल आहे. बोटॉक्स तेच प्रोटीन कापून टाकतं. हे पेप्टाइड त्याच्या जागी घुसून अडथळा करतं. प्रयोगशाळेतल्या पेशींवर हे दिसतं. पण कपाळाचा स्नायू सीरमच्या थेंबापासून कित्येक मिलिमीटर खाली आहे आणि हा रेणूही ८०० डाल्टनच्या पुढचा. ज्या गाजलेल्या चाचणीचा दाखला सगळीकडे देतात, २००२ची, त्यात दहाच स्त्रिया होत्या. तुमच्या भुवयांमधल्या दोन उभ्या रेघांसाठी म्हणून हे विकत घेऊ नका. तिथे सुईतलं बोटॉक्सच चालतं, तीन-चार महिने टिकतं, आणि ते घ्यायचं की नाही हा वेगळा विचार आहे.

कोलाजेन तोडणारी एन्झाइमं रोखणारी सोयाबीन-तांदळाची पेप्टाइडंही मिळतात. त्यांच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं फार नाही. मॉइश्चरायझरमध्ये असली तर असू द्या.

आता लेबल वाचा. घटकांची यादी जास्तीपासून कमीकडे जाते, पण एक टक्क्याच्या आतले घटक कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणून पेप्टाइड यादीत शेवटी दिसलं की फसवणूक, असं समजू नका. वरच्या चाचणीत ते दशलक्षात ३ भागच होतं. उलट '१० टक्के पेप्टाइड' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा ते दहा टक्के पेप्टाइडच्या द्रावणाचे असतात. कच्चा माल पाणी-ग्लिसरीनमध्ये विरघळवून येतो, आत पेप्टाइड नावापुरतं. टक्क्यांची शर्यत सोडा. पंपाची किंवा ड्रॉपरची, रंगीत काचेची बाटली, पेप्टाइडचं पूर्ण नाव आणि सुगंध नसणं एवढं पुरे.

वापरायचं कसं? तुमच्यासाठी मी असं बसवीन. सकाळी चेहरा सौम्य फेसवॉशने, शक्यतो नळाच्या पाण्याने. नळाला रोज पाणी येत नाही हे मला ठाऊक आहे, तरी बोअरच्या जड पाण्याने तोंड धुतलं की साबण नीट निघत नाही आणि गाल ओढल्यासारखे होतात. एक तांब्या नळाचं पाणी तोंडासाठी बाजूला ठेवा. मग व्हिटॅमिन सी, मग सनस्क्रीन. रात्री तोंड धुऊन, त्वचा किंचित ओलसर असताना पेप्टाइडचे तीन-चार थेंब चेहऱ्याला आणि मानेलाही, मग मिनिटभराने मॉइश्चरायझर. मान विसरू नका, गळ्याच्या आडव्या रेषा आधी बोलतात.

व्हिटॅमिन सी सकाळी आणि पेप्टाइड रात्री अशी वाटणी का? तुमच्या बाटलीत तांब्याचं पेप्टाइड असेल तर तांबं व्हिटॅमिन सीचं ऑक्सिडेशन घडवतं, दोघांचं नुकसान होतं. दुसऱ्या जातीच्या पेप्टाइडांना एवढी भीती नाही, पण शुद्ध व्हिटॅमिन सीची सीरमं बरीच आंबट असतात आणि वेगळं ठेवण्यात काहीच जात नाही. ग्लायकोलिक, सॅलिसिलिक असली आम्लं आणि मुरमांचं बेंझॉइल पेरॉक्साइडही त्याच वेळी नको. नायसिनामाइड, हायलुरोनिक आम्ल खुशाल.

रेटिनॉइडबद्दल थोडं थांबते, कारण त्याचा नंबर मी पेप्टाइडच्या वर ठेवला. सुरकुत्यांवर लावायच्या औषधांत रेटिनॉइडाइतका भक्कम, दशकांचा पुरावा दुसऱ्या कशाला नाही. पण ते जाळतं. सोलापूरच्या मे महिन्यात, स्कूटीवर, ट्रेटिनॉइन, म्हणजे जोरकस रेटिनॉइड, सुरू केलेल्या बायका लालबुंद होऊन आठ दिवसांत परत येतात. म्हणून मी ते पावसाळ्यानंतर, शक्यतो दसऱ्याच्या पुढे सुरू करते. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत त्वचा रुळते. आठवड्यातून दोन रात्री, मटाराएवढं, डॉक्टरला दाखवूनच. त्या दोन रात्री सोडून बाकीच्या रात्री पेप्टाइड. ज्यांना रेटिनॉइड सोसतच नाही, ज्यांना दिवस राहिलेत किंवा राहावेत अशी इच्छा आहे म्हणून रेटिनॉइड चालत नाही, त्यांच्यासाठी पेप्टाइडची खरी जागा आहे. तिथे मी ते आपणहून सुचवते.

नवीन बाटली आधी कानामागे चार-पाच रात्री लावून पाहा. खाज, पुरळ काही नाही ना, मग चेहऱ्यावर. फरक बारा आठवड्यांनी तपासायचा. रविवारी सकाळी एकाच खिडकीशी, फिल्टर न लावता फोटो काढा, महिन्याला एक. आरशावर विश्वास ठेवू नका, तो रोज दिसतो म्हणून बदल लपवतो. पहिल्या आठवड्यात दिसणारी तुकतुकी पाण्याची आणि ग्लिसरीनची असते.

बाटली ठेवण्याची जागा आपल्या गावात फार मोलाची आहे. कुरियरवाला दुपारी पार्सल देतो, आपण ते स्कूटीच्या डिकीत टाकतो आणि शाळा सुटेपर्यंत विसरतो. मे महिन्यातल्या त्या डिकीत हात घालवत नाही. पाण्यातली पेप्टाइडं अशा उकाड्यात लवकर मोडतात. फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. डब्यावर उघड्या झाकणाचं चित्र आणि '६ एम' असं असेल तर उघडल्यापासून सहा महिने. निळं सीरम हिरवट-तपकिरी झालं किंवा वास बदलला की टाकून द्या.

सनस्क्रीन किती, तर तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण रेघ ओढून निघेल तेवढं, चेहऱ्याला आणि मानेला मिळून. घरातून निघण्याआधी आणि पुन्हा मधल्या सुट्टीत. वांग असेल तर आयर्न ऑक्साइडचा, त्वचेच्या रंगाचा सनस्क्रीन घ्या. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात ५५च्या आतल्या ९०३ लोकांवर साडेचार वर्षं हे तपासलं होतं. हाताच्या पाठीचे सिलिकॉनचे ठसे घेऊन त्वचेचं वय मोजलं. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत ते म्हातारपण २४ टक्क्यांनी कमी होतं. २०१३ साली ते छापून आलं. कुठल्याही पेप्टाइडकडे इतका लांबचा पुरावा नाही. स्कूटीवर सुती स्कार्फ बांधता तो बांधाच, फक्त रोज धुतलेला.

कोलाजेन पावडर. तीही पेप्टाइडच, पण पोटातून. काही चाचण्यांत त्वचेचा ओलावा आणि लवचीकपणा थोडा सुधारलेला दिसतो, पण त्यातल्या पुष्कळशा विकणाऱ्यांच्याच पैशावर झालेल्या. मागे एक लिंगायत आजी सुनेने आणलेला डबा घेऊन आल्या, रोज सकाळी दुधातून घेत होत्या. डब्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं मी भिंगाने वाचून दाखवली: माशापासून. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येकीला सांगते, खरं कोलाजेन प्राण्याचंच असतं, गाय, डुक्कर किंवा मासा. 'व्हेज कोलाजेन' म्हणून मिळतं त्यात कोलाजेन नसतं, व्हिटॅमिन सी आणि अमिनो आम्लं असतात. तेवढ्या पैशात डाळ, दही, शेंगदाणे, पेरू आणले तर घरातली सगळी माणसं खातील.

इंजेक्शनला माझं स्पष्ट नाही. चेहऱ्यावर लावायला म्हणून आलेलं सीरम टोचण्यासाठी निर्जंतुक केलेलं नसतं. ऑनलाइन 'फक्त संशोधनासाठी' असं लिहून ज्या कुप्या येतात, त्यांत काय आहे आणि किती आहे याची हमी कुणाकडे नाही. पार्लरमध्ये सुई हा विषयच असता कामा नये.

त्याच पार्लरमधून बिनालेबलची 'पेप्टाइड ग्लो क्रीम' मिळत असेल तर तीही नको. मागच्या वर्षी एक मुलगी आली, लग्नाला दोन महिने होते. आठ दिवसांत गोरी झाली म्हणून खूश होती, मग क्रीम बंद केल्याबरोबर चेहरा पेटला. गाल पातळ, लाल, त्यावर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं, हनुवटीवर लव वाढलेली. स्टेरॉइडने खराब झालेला चेहरा असाच दिसतो. तिला सावरायला वर्ष लागलं, लग्नाच्या फोटोत ती मेकअपच्या थराखाली आहे. पेप्टाइड आठ दिवसांत काहीच करत नाही, ही खूण कायम लक्षात ठेवा. आठ दिवसांत उजळवणारी डबी माझ्याकडे किंवा सिव्हिलच्या त्वचा विभागात आणून दाखवा, लावण्याआधी.

राहिल्या सासूबाई. त्यांना लावू द्या, त्या वयातही हे सीरम त्रास देत नाही, फक्त ड्रॉपरचं टोक गालाला न टेकवता थेंब तळहातावर घ्यायला सांगा. चेहऱ्याच्या रेषा आता फार बदलणार नाहीत, पण सत्तरीनंतर खरी अडचण कोरडेपणाची असते, थंडीत पिंढऱ्यांना आणि पाठीला रात्री खाज सुटते. त्यांच्यासाठी पेट्रोलियम जेलीची मोठी डबी आणा. आंघोळीचं पाणी कोमट, साबण काखेला आणि पायांना तेवढाच, आणि अंग टिपल्याबरोबर, ओल असतानाच, हातापायांना जेली. पाठीला त्यांचा हात पोहोचत नाही, तेवढी तुम्ही लावून द्या.